पाच वाजताचं औषध

बाई, तुमच्या फोटोला हार घालताना माझा हात थरथरत होता. तुमच्या वहिनींना वाटलं, निर्मलाला रडू आवरत नाहीये. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पाण्याचा पेला पुढे केला. रडू येत होतंच, खोटं कशाला बोलू. पण हात थरथरत होता तो रागाने. तुम्ही गेलात त्याला तेरा दिवस झालेले, आणि तुमच्याच नौपाड्याच्या घरात, तुमच्याच व्हरांड्यात बसून शहाडच्या बाळारामने मला अर्ध्या तासापूर्वी एक गोष्ट सांगितलेली. त्या एका गोष्टीने माझी आठ वर्षं उलटीपालटी झाली. आणि जिला जाब विचारायचा ती भिंतीवरून हसतेय! वा रे वा.

तुमच्याबद्दल जे छापायचं ते सगळं छापून झालंय. कुठे शिकलात, किती वर्षं शिकवलंत, विद्यार्थी किती लाडके. त्यात मधमाश्यांवर एक वाक्य आहे, ‘मधमाशीपालनाचा छंद होता’ असं. छंद! त्या छंदापायी माझ्या सर्व्हिस बुकात मेमो बसलाय, बाई. ते कोण छापणार?

तुम्ही प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका आणि मी त्याच लॅबची अटेंडंट. ट्रे धुवायचे, फॉर्मेलीनच्या बरण्या पुसायच्या, बेडूक आले की मोजून घ्यायचे. कल्याणच्या त्या कॉलेजात लागले तेव्हा मला नावच नव्हतं. कुणी ‘ए बाई’ करायचं, कुणी ‘लॅबवाली’. तुम्ही पहिल्याच आठवड्यात मायक्रोस्कोपपुढचं स्टूल माझ्याकडे सरकवलंत. “अगं, रोज काच पुसतेस, कधी आत डोकावलीस तरी का?” मी जीव मुठीत धरून बसले. आत माशीचा पंख होता. मी इतका वेळ बघत राहिले की शिपाई घंटा देऊन गेला ते कळलं नाही, आणि तुम्ही मला उठवलं नाहीत.

दहावी नापास होते मी. तुम्ही परत फॉर्म भरायला लावलात. गणितापायी रडले तर वसकन अंगावर आलात, “रड, पण हातचा घ्यायला विसरू नकोस!” पास झाले तेव्हा तुम्ही कोळसेवाडीला आमच्या चाळीत आलात आणि माठातलं पाणी मागून प्यायलात. तुम्हाला ती साधी गोष्ट वाटली असेल. आमच्या चाळीत आठवडाभर तोच विषय होता. माझी आई मरेपर्यंत सांगायची, ब्राह्मणाची बाई आपल्या घरी पाणी मागून प्यायली, पेला उंच धरून नाही, ओठाला लावून. म्हणून सांगते, मला तुमचा राग करणं सोपं जात नाही. कुणी ऐरागैरा असता तर केव्हाच थुंकून मोकळी झाले असते.

मग पेट्या आल्या. कॉलेजला कुठल्याशा योजनेत सहा मधपेट्या मिळाल्या, सातेरी माश्यांच्या, म्हणजे आपल्या देशी, पेटीत पाळता येणाऱ्या. ठेवायच्या कुठे? गच्चीवर ठेवल्या तर पोरं दगड मारणार. तुम्ही शहाडला बाळाराम शोधून काढलात. उल्हास नदीच्या काठाला त्याची भाजीची जमीन, काकडी, भोपळा, मिरची. रोज सकाळी पाट्या घेऊन कल्याणच्या मंडईत यायचा. तुम्ही त्याला म्हणालात, “माश्या येतील तर काकड्या वाकड्या धरणार नाहीत, सरळ धरतील.” तो हसला. “वाकरी काकरी पन लोक खातात, बाई. पन तुमी बोलताव तर ठेवा.”

त्याला एकच अट घातलेली. पिकावर किडीचं औषध मारायचं असेल तर आदल्या दिवशी आम्हाला कळलं पाहिजे. फोन कुठला त्याच्याकडे! मग त्यानेच युक्ती काढली. मंडईतून परतताना कॉलेजच्या गेटवर वॉचमनच्या टेबलावर एक काकडी ठेवून जायचा. काकडी दिसली की समजायचं, उद्या औषध. मी सुटल्यावर शहाडला जायचे, अंधार पडायच्या बेतात माश्या परतल्या की सहाही पेट्यांच्या दाराला जाळी लावायची, वर ओलं गोणपाट टाकायचं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन उघडायचं. वॉचमन म्हणायचा, “निर्मलाताई, तुमचा निरोप आलाय, मीठ लावून खाऊ का?” आणि खायचापण. चार वर्षं हे चाललं, बाई. चार वर्षांत एक माशी औषधाने गेली नाही. चार वर्षांत मी एकदाही चुकले नाही, ताप असतानापण गेलेले.

आणि तुम्ही काय काय शिकवलंत! चौकट उचलायची तर श्वास रोखून. राणी ओळखायची तिच्या चालीवरून. अळीला रोग झाला तर ती पिवळट पडते, चिमट्याने ओढली तर पाण्याची पिशवी लोंबावी तशी बाहेर येते. आणि विषाने मेलेली माशी पेटीच्या बाहेर, दारातच पडलेली असते, गरगर फिरून, जीभ बाहेर काढून. “निर्मला, रोग घरातल्या बाळांना धरतो, विष बाहेर कमवायला गेलेल्यांना,” असं तुम्ही मला सांगितलेलं. मी ते वहीत लिहून घेतलेलं. वही अजून आहे.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी काही पटकन बोलले की तुमचं ठरलेलं होतं: “‘मुळे’ म्हणायच्या आधी ‘कदाचित’ म्हणावं.” नदीपलीकडच्या शेतांवर बारक्या फुलोरी रानमाश्यांची पोळी दिसेनाशी झाली तेव्हा मी म्हटलं, औषधांमुळे. तुम्ही म्हणालात, कदाचित. कदाचित झाडं तोडल्याने, कदाचित कारखान्यांच्या धुराने, कदाचित सगळ्याने मिळून. मी चिडायचे. “बाई, पंप पाठीवर घेऊन माणूस दिसतो, माशी मेलेली दिसते, आणखी काय दिसायला पाहिजे?” तुम्ही शांतपणे चष्मा पुसायच्या. “दिसणं आणि सिद्ध होणं यात फरक असतो गं.” मला ते तेव्हाही पूर्ण पटलं नाही, पण आवडायचं. इतकं जपून बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. म्हणजे हे माणूस खोटं बोलणारच नाही, असं मी धरून चाललेले. तिथेच माझं चुकलं.

त्या वर्षी बाळारामने काकडीऐवजी शिराळी लावली. मांडव घातलेले, वेल छान चढलेले. एप्रिल होता, परीक्षा चालू, तुम्ही पेपर तपासण्यात बुडालेल्या. गेटवर ना काकडी आली, ना शिराळं. एका मंगळवारी सकाळी बाळारामच आला, रिकाम्या हाताने. वॉचमनपाशी उभा राहून म्हणाला, “बाईना बोलवा. माशा मेल्या.”

आपण दोघी रिक्षाने गेलो. ते दृश्य तुम्हाला सांगायला नको. पेटीच्या दारापुढे जमीन काळी झालेली. काही माश्या अजून जिवंत होत्या, उलट्या पडून जागच्या जागी गरगरत होत्या. मी खाली बसले, हातात घेतल्या. जीभ बाहेर. एकीची, दुसरीची, सगळ्यांची. मी चिमट्याने अळी काढली. साबुदाण्यासारखी पांढरी, टणक. तुमच्यापुढे धरली. तुम्ही बघितलीत. मग मी बाळारामवर जे सुटले! “औषध मारलंस ना? शब्द दिलेलास ना? एक शिराळं ठेवायला हात मोडलेले का तुझे?” तो म्हणाला, “मारला. काल मारला.” मग नुसता तुमच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, बाई वाचवतील म्हणून बघतोय. तुम्ही म्हणालात, “बघू. आधी तपासू दे.”

मी पन्नासेक मेलेल्या माश्या बाटलीत भरल्या, वर स्पिरिट घातलं, चिठ्ठी लावली: शहाड, मंगळवार, जीभ बाहेर. लॅबच्या वरच्या फळीवर ठेवली.

शनिवारी आपण उरल्यासुरल्या माश्या बघायला परत गेलो. तुमचं सुपरव्हिजन संपायला उशीर झाला, पोचलो तेव्हा साडेपाच होत होते. मांडवावर शिराळ्याची पिवळी फुलं एकेक करून उघडत होती. आणि त्यावर आपल्याच वाचलेल्या चार-दोन माश्या आलेल्या. तुम्ही उभ्याच राहिलात. फुलांकडे बघितलंत, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, परत फुलांकडे. “ही रोज याच वेळेला उमलतात का गं?” मी म्हटलं, “हो की. शिराळ्याचं फूल संध्याकाळचंच. आमच्या दाराच्या वेलाला फूल आलं की आई चूल पेटवायची. सकाळी उन्हं चढली की मिटतात.” तुम्ही बांधावर बसलात, मटकन. चेहरा पार उतरला. मला वाटलं, माश्यांचं दुःख. मी पदराने वारा घातला तुम्हाला. आज आठवलं की माझाच पदर माझ्या तोंडावर मारावासा वाटतो.

सोमवारी तुम्ही म्हणालात, “निर्मला, वरची बाटली रिकामी कर. प्रॅक्टिकलला बाटल्या कमी पडतायत.” मी म्हटलं, बाई, त्यात शहाडच्या माश्या आहेत. तुम्ही वर न बघता म्हणालात, “आता त्याची गरज नाही.” आणि मी ती धुतली. माझ्या हाताने, ब्रश घालून, लख्ख.

मग तुमचा अहवाल गेला प्रिन्सिपॉलकडे. सहाही पेट्यांतल्या माश्या अळ्यांच्या संसर्गजन्य रोगाने गेल्या. पेट्यांची सफाई वेळच्या वेळी न झाल्याने रोग पसरला असावा. सफाई कोण करायचं? सगळ्या कॉलेजला माहीत होतं. आठ दिवसांत मेमो आला, निष्काळजीपणाबद्दल. क्लार्कने सही घेतली, त्यालाही वाईट वाटलं बिचाऱ्याला. मी तो कागद घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले. तुम्ही म्हणालात, “रोगाची शक्यता नाकारता येत नाही, निर्मला. आपण शास्त्र सोडून बोलायचं नाही.” बाई, तुमच्या अहवालात सगळीकडे ‘असावा’ होतं. माझ्या मेमोत ‘कदाचित’ कुठेच नव्हतं.

आणि एवढ्यावर थांबला नाहीत. बाळाराम मंडईतून येताना लॅबमध्ये आलेला, त्याच्यासमोर मला म्हणालात, “तू याला नाही नाही ते बोललीस. रोग होता. माफी माग त्याची.” मी मागितली. तुम्ही सांगितलं म्हणून मागितली. तो ‘राहू द्या ताई, राहू द्या’ करत मागे सरकत होता. त्या दिवसापासून त्याने मला कधी ताई म्हटलं नाही. आणि मी त्याच्याकडून भाजी घेतली नाही.

तरी मी काय समजत होते सांगू? मी समजत होते की तुम्ही बाळारामला वाचवलंत. गरीब माणूस, कॉलेजने त्रास दिला असता, म्हणून बाईंनी माझ्या डोक्यावर घातलं, घरचं माणूस म्हणून. मनात चडफडायचे, मला विचारलं असतं तर मी घेतलं असतं डोक्यावर, असंही वाटायचं. बघा, किती शहाणी होते मी!

आठ वर्षं आपण त्याच लॅबमध्ये काढली. माझ्या पोरीला तुम्ही अकरावी-बारावीत जेवणाच्या सुट्टीत शिकवलंत, दोन वर्षं, एक दिवस न चुकता. ती आज वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कंपनीत केमिस्ट आहे ती तुमच्यामुळे. इथे ‘मुळे’च म्हणणार मी, कदाचित नाही. तेव्हा मी तुमचे पाय धरलेले. आता वाटतं, ती भरपाई होती का? असेल तर निदान सांगून करायची. तेवढंसुद्धा उमजून घ्यायचं समाधान तुम्ही मला दिलं नाहीत.

हॉस्पिटलात तुम्हाला भेटायला आले त्या दिवशी तासभर बोलत होतात. वहिनी चहाला गेलेल्या, खोलीत आपण दोघीच. तुम्ही काय बोललात? की फॉर्मेलीनच्या बरण्यांची झाकणं सैल झालीत, नवीन मुलीला नीट सांग. कपाटाची चावी ड्रॉवरमध्ये आहे. पाऊस लांबलाय. तासभर, बाई! एका मिनिटात झालं असतं. “निर्मला, माझं चुकलं.” तीन शब्द. मी तुमचे पाय दाबत होते, मी काय तुमचा गळा दाबणार होते?

आता व्हरांड्यातलं ऐका. लोक निघायला लागलेले. बाळाराम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला, केस पांढरे झालेत त्याचे. आठ वर्षांनी पहिल्यांदा तो आपणहून बोलला. “ताई, बाईसारका मानूस नाय. मना शिकवला त्यानी. अजूनपन मी त्यांचाच ऐकतंय.” मी विचारलं, काय ऐकतोस? “औषधाचा. त्यानी सांगलेला, माशांना कोंडू नको, उन्हात गुदमरतान. तवा निरोप पन नको देव. पाचला मार, पाचला माशा घरा जातान. तवापासून मी पाचलाच मारतंय. पूर्न गावाला मीच सांगला, पाचला मारा.” मी विचारलं, हे कधी सांगितलं? “ज्या वर्षा तुमच्या पेट्या रोगान गेल्या, त्याच वर्षा. आयतवारी आलेल्या एकल्याच.”

मी व्हरांड्याचा कठडा धरला.

म्हणजे माश्या मेल्या त्याच्या आधीच्या रविवारी तुम्ही एकट्याच शहाडला जाऊन आलात, आणि गेटवर शिराळं आलं नाही ते तुमच्या सांगण्याने. तो त्या दिवशी तुमच्याकडे बघत होता तो वाचवा म्हणून नाही. तो वाट बघत होता, की बाई आता सांगतील, मीच सांगितलेलं. तुम्ही सांगितलं नाहीत. आणि नंतर रोग म्हणालात, तर त्या भोळ्याला वाटलं, चला, म्हणजे औषधाचा काही संबंधच नव्हता.

मला समजतं हो, बाई, चूक कशी झाली ते. काकडीला, लाल भोपळ्याला पाच बरोबरच होतं. त्यांची फुलं सकाळची, दुपारपर्यंत मिटतात, संध्याकाळी माशी तिकडे फिरकत नाही. पुस्तकातही तसंच असेल. आणि एप्रिलच्या उन्हात पेटी कोंडली की माश्या तडफडायच्या, ते तुम्हाला बघवायचं नाही, हेही मी बघितलंय. चांगल्याच मनाने सांगितलंत. फक्त पीक बदललेलं, आणि तुम्हाला माशी माहीत होती, फूल माहीत नव्हतं. दहावी पास अटेंडंटला विचारायचं होतं. मी लगेच सांगितलं असतं, पाचला नको, शिराळं पाचलाच उमलतं. एवढंच तर होतं. चूक मी हसून सोडून दिली असती. पण ती झाकायला तुम्ही माझं नाव घेतलंत, माझ्याच हाताने बाटली धुऊन घेतलीत, आणि मी खरं बोलले म्हणून मला माफी मागायला लावलीत.

आणि याच्याही पलीकडचं, जे मला काल झोपू देईना. माझं सोडा. आठ वर्षं तो माणूस तुमचं नाव घेऊन पाचला औषध मारतोय. शिराळी दरवर्षी लावतोय. तुमची त्याची गाठ पडत होती, तुम्ही त्याच्याकडून भाजी घेत होतात. एकदा, नुसतं एकदा म्हणायचं, बाळाराम, शिराळ्यावर सकाळी दहानंतर मारत जा. कारणसुद्धा द्यायची गरज नव्हती. पण तो विचारेल ‘का’, म्हणून तुम्ही तेही बोलला नाहीत. पाण्याच्या पिंपात पडलेली एक माशी काडीने बाहेर काढून उन्हात ठेवणाऱ्या तुम्ही! कुठली माझी बाई खरी, मला ठरवता येत नाहीये.

मी बाळारामला तिथेच म्हटलं, “पाचला मारू नकोस. बाई चुकलेल्या. त्या माश्या रोगाने नाही, औषधानेच गेल्या.” त्याने माझ्याकडे कसं बघितलं! तुमच्या लॅबमध्ये मी माफी मागत होते तेव्हा बघितलेलं, अगदी तसं. “ताई, बाईचा तेरावा हाय आज. मेल्या मानसावर घालताव? तवा पन तुमी अशाच बोललेलाव.” आत तुमच्या फोटोपुढे उदबत्ती लावत होते कुणी. म्हणजे तुम्ही गेल्यावरही तुमची सही माझ्या तोंडापेक्षा मोठी! मी आत गेले आणि तुम्हाला हार घातला. हात का थरथरत होता, ते आता कळलं असेल.

जाताना मी त्याला म्हटलं, “माझं नको ऐकू. उद्या औषध कधी मारणार?” म्हणाला, पाचला. “मग पाचला मी येते. मारायच्या आधी अर्धा तास थांब. मला काही नको, माझ्यासाठी नको, बाईंसाठी थांब.” तुमचं नाव घेतलं म्हणूनच तो हो म्हणाला.

आज गेले. मांडव तिथेच आहेत, नदीकडच्या अंगाला. त्याने पावडर कालवून ठेवलेली, पंप पाठीला लावून उभा. माझ्याशी बोलायची त्याची इच्छा नव्हती, घड्याळही नव्हतं कुणाकडे. उन्हं कलली. पहिलं फूल उघडलं, मग दुसरं, मग मांडवभर सुटलीच.  मला भीती वाटत होती की माश्याच येणार नाहीत. आठ वर्षं पाचचं औषध खाऊन उरल्या असतील का त्या गावात? बराच वेळ काही नाही. बाळाराम पंपाच्या दांड्याला हात घालायला लागला.

मग एक आली. सातेरी. कुठल्या बाभळीच्या ढोलीतून आली असेल, कुणास ठाऊक. फुलात शिरली, पिवळी होऊन निघाली, दुसऱ्यात शिरली. मग आणखी दोन आल्या. तीनच. बाळाराम एका जागी खिळल्यासारखा बघत राहिला. त्याने पंपाचा पट्टा खांद्यावरून काढला आणि पंप जमिनीवर ठेवला, जपून, आवाज न करता. मग खाली बसला.

“म्हंजे तवा मीच मारल्या,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “तुला सांगितलं तसं तू केलंस.”

तो रडत नव्हता, पण हनुवटी हलत होती. आणि मग त्याने विचारलं, बाई. माझ्याकडे न बघता विचारलं. “बाईनी यो कदी बगलाच नाय का, ताई? इतक्या शिकलेल्या. एकदा पन बगला नाय?”

आठ वर्षांनी मला त्याने खरी मानलं होतं. माझ्या तोंडाशी सगळं आलं, बांध, घड्याळ, बाटली, मेमो. एक वाक्य बोलले असते तर त्याच्या मनातून तुम्ही कायमच्या उतरला असता, आणि तेच तुमच्या वाट्याला यायला हवं होतं.

“बघितलं,” मी म्हटलं. “पण उशिरा बघितलं.”

याच्यापेक्षा जास्त तुमची बाजू मला घेता येत नाही, बाई.